मुदतीच्या आत

५ मार्च

सुतारानं दार वाजवलं. दोन वर्षांपूर्वी वाजवलं होतं तेव्हा मी उघडलं नव्हतं. आज उघडलं. हातात नगरपालिकेचा कागद. "ताई, एवढं वाचून सांगा. अक्षरं कळतात, अर्थ लागत नाही."

गल्लीच्या तोंडाशी त्याची शेड आहे ती पाडायची आणि तिथं गाड्या लावायला जागा करायची, असा ठराव २ मार्चला झालाय. त्याला ना नोटीस, ना सुनावणी. त्याची बायको मागं उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"ठेवून जा. बघते," म्हटलं.

६ मार्च

हे कोर्टाबाहेर टायपिंग करायचे. लग्न झालं तेव्हा मला वाचता येत नव्हतं. यांच्या फुकट गेलेल्या मसुद्यांवर शिकले. लोक गोष्टी वाचून शिकतात, मी दावे आणि अपिलं वाचून.

म्हणून एक पक्कं ठाऊक आहे — पालिकेच्या ठरावाविरुद्ध कोर्टात जायचं तर ठराव झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत. नंतर तुमची बाजू कितीही खरी असो, कोणी ऐकून घेत नाही. आणि पालिकेकडे विनंतीअर्ज केला म्हणून मुदत थांबत नाही. भले भले इथंच फसतात. अर्ज देतात, उत्तराची वाट बघतात, आणि उत्तर येतं तोवर मुदत उलटून गेलेली असते.

सुतार वेळेत कोर्टात गेला तर हा ठराव टिकायचा नाही. सुनावणीच दिलेली नाही.

त्याला हे सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न.

७ मार्च

नाही.

८ मार्च

त्याला म्हटलं, "कोर्टाची पायरी चढू नका. वकील घर धुऊन नेतात. अध्यक्षांना अर्ज करू."

"तुम्ही म्हणाल तसं, ताई."

अर्ज फार सुरेख उतरलाय. यांनी एक स्वल्पविरामसुद्धा हलवला नसता. उत्तरासाठी पत्ता माझाच घातला.

१५ मार्च

लेक आली होती. "आई, सुतारकाकांना वकील गाठून दिलास का?"

"अर्ज दिलाय."

"अर्जानं काय होणार?"

"तू तुझ्या शाळेतली पोरं सांभाळ."

भांडी विसळता विसळता म्हणाली, "त्या दिवशीचं अजून आहे ना तुझ्या मनात?"

मनात म्हणे! दुसरं आहे काय मनात?

त्या दिवशी सुताराच्या फळ्या गल्लीत आडव्या पडल्या होत्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तो जेवायला गेला होता. रुग्णवाहिका तोंडाशीच अडली. चौघांनी यांना खुर्चीत बसवून फळ्यांवरून उचलून नेलं. मी अनवाणी मागं. खुर्ची गाडीपर्यंत पोचली, हे नाही पोचले. सुतार धावत आला तेव्हा त्याचा हात खरकटा होता. तोच हात त्यानं खुर्चीला लावला.

२२ मार्च

"उत्तर आलं का, ताई?"

"सरकारी काम आहे. त्यापेक्षा गोगलगाय परवडली."

तो हसला. बायको हसली नाही. जाताना त्यानं माझ्या दाराची बिजागरी कुरकुरते ती काढून नीट बसवली. कोणी सांगितलं नव्हतं.

३० मार्च

आज पुन्हा. पायरीवर बसला. "काही करायचं राहिलंय का हो ताई? आठवून बघा. एखादी गोष्ट विसरली असेल."

"मी काही विसरत नाही."

"हां, ते खरं," म्हणाला.

८ एप्रिल

त्याच्या शेडमध्ये गेले. कशाला गेले? बघायला, काय काय जाणार ते. भुशात पाय घोट्यापर्यंत रुतले. बापानं रंधा हातात दिला तो इथंच, असं सांगत होता. दोन कारागीर आहेत, दोघांचीही घरं याच्यावर चालतात. पाळणा करायला घेतलाय. "कसा वाटतो, ताई?"

"छान आहे," म्हटलं. खरंच छान होता.

हल्ली मला झोप चांगली लागते.

१२ एप्रिल

दिवे लागायच्या वेळेला आला. बसला नाही. "उद्या कुठं जायचं असेल तर सांगा. काम बंद ठेवीन म्हणतो."

"कशाला? उद्या काय आहे?"

माझ्याकडे बघत राहिला. बायको त्यांच्या दारातून ओरडली, "आता तरी घरी या!"

"काही नाही, ताई. सहज," म्हणाला आणि गेला.

१३ एप्रिल

दिवसभर कपाटं पुसली. एकदा चपला घातल्या, पुन्हा काढल्या. कोर्ट बंद व्हायच्या वेळेला चहा ठेवला. दोन कप झाला. अजून मापाचा करता येत नाही.

२० एप्रिल

पालिकेचं उत्तर आलं. सहानुभूतीपूर्वक विचार करून अर्ज अमान्य. सहानुभूतीपूर्वक! दोघांना बोलावून वाचून दाखवलं.

बायकोनं विचारलं, "आणि आता कोर्टात गेलो तर?"

"मुदत गेली," म्हटलं. वर "अरेरे"सुद्धा म्हटलं.

सुतारानं कागदाची घडी केली आणि मला नमस्कार केला.

४ मे

शेड पाडली. पत्रे ओढून काढताना जो आवाज होतो तो मला आवडला. हे कुठं बोलायची सोय नाही, म्हणून इथं लिहिते. पाळणा आधीच बाहेर काढला होता. बाकी यंत्रं उघड्यावर. कारागीर आपापली हत्यारं घेऊन गेले. गल्ली आता एवढी मोकळी झाली की दोन रुग्णवाहिका शेजारून जातील.

लेकीला फोन केला. तिनं उचलला नाही.

५ मे

सुतारीण आली. आत ये म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आवाज चढवला नाही.

म्हणाली, "तुमच्याकडे कागद आणला त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे वकिलाकडे जाऊन आले होते. त्यानं तारीख सांगितली. दाव्याचे कागदसुद्धा करून दिले. नुसती सही राहिली होती. मी पाया पडले यांच्या. तर म्हणायचे, ताई सांगतील तेव्हा सही करीन. त्यांनी नाही सांगितलं, तर एवढ्यानं त्यांचं फिटेल तरी."

मग पायरी उतरता उतरता वळून विचारलं, "फिटलं का?"