अर्ध्या पुलापर्यंत

गाली,
९ नोव्हेंबर

प्रिय जुंबरदादा,

मी धडधाकट आहे. तू जेवतोस ना? नसशीलच, ओळखते मी तुला. इकडे अक्रोड वाळत घातलेत. आपल्या शेजारची गुलिको उद्या सकाळी सीमेवरचा पूल ओलांडून तुमच्या बाजारात चीज विकायला येतेय. फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून तिच्याच हाती हे पत्र देतेय.

परवानगी मिळाली, दादा! उद्या दुपारी दोनला आईला इकडे आणायचं. बाबांच्या शेजारी खड्डा खणून झालाय. पाच दिवस तिची शवपेटी तुझ्या घरात आहे, लोक कुजबुजत असतील. कुजबुजू देत.

आता नीट ऐक, शिव्या नंतर घाल. तू पेटी पुलाच्या मध्यापर्यंतच आणायचीस. तिथून आमच्या बाजूची माणसं उचलतील. पुढे एक पाऊलही टाकू नकोस. तू लढाईत इकडच्यांविरुद्ध बंदूक धरली होतीस, ते इथं कुणी विसरलेलं नाही. तुझं सरकार म्हणतं, गाली आमचंच. मग ने की म्हणावं माझ्या भावाला त्याच्या घरी! इकडचे म्हणतात, आमचा देश वेगळा. दोघं बसलेत हटून, आणि आपली आई पेटीत.

कबरीवर पहिली मूठ तुझी असायला हवी होती. गुलिकोकडे पुरचुंडी दिलीय, त्यात बाबांच्या शेजारची माती आहे. ती पुलावरच पेटीवर टाक.

एक गोष्ट राहिली. चार वेळा लिहून खोडली.

परवानगीच्या कचेरीत आस्तामुर आहे, शाळेत तुझ्या बाकावर बसायचा तो. फॉर्मवर रकाना होता, मृताची हयात मुलं. मी तुझं नाव लिहायला घेतलं, तर त्यानं माझा हातच धरला. "त्सिरा, हे नाव दिसलं तर अर्ज वर सरकणार नाही. मीही त्याच्याविरुद्ध लढलोय गं. पण तुझ्या आईच्या हातची मक्याची लापशी खाल्लीय मी. ऐक माझं."

मी लिहिलं, एक मुलगी. मुलगा नाही.

सही मी एका दमात केली, त्याचीच लाज वाटते. काय करणार होते मी? शेवटच्या फोनवर ती मला, आपल्याकडे आया लेकरांना म्हणतात तसं, 'आई' म्हणाली. "आई गं, मला घरी ने." बाबांशेजारी तिची जागा आणि फॉर्मवर तुझं नाव, दोन्ही मिळणार नव्हतं.

उद्या पुलावरचा शिपाई विचारेल, तू हिचा कोण? मुलगा म्हणू नकोस, दादा. शेजारी म्हण. शेजारीही माती टाकतात, कुणी अडवणार नाही. मोठ्यानं रडू मात्र नकोस. मी समोरच उभी असेन. मला हाक मारू नकोस, मीही मारणार नाही.

तुझीच,
कागदावर एकुलती एक,
त्सिरा