रयतेची भाकर

नंदुरबार, १९४३

हिंमतराव,

तुझ्या नावाआधी आता चिरंजीव लिहिता येत नाही.

‘डोंगराचं राज्य वेगळं करा’ म्हणणाऱ्यांनी तुला धडगावच्या घाटातून पळवून नेले. सरकार बोलणी करीना. माझ्याकडे आली ती त्यांच्याच पाड्यातली धनुबाई.

“बाई, तुमना भाऊ काहीच खात नही. आमना चुलानी भाकर जो खास तो पाव्हना, त्याले कोनी मारत नही. पन म्हनस, प्रांतसाहेब रयतनं खात नही! इतला मोठा साहेब, आनि भाकरले घाबरस!”

फिरतीवर रयतेचा घास घ्यायचा नाही, हा तुझा नियम. त्याचा मला केवढा अभिमान! तिच्या हाती द्यायला मी लगेच लिहायला बसले, ‘ही लाच नाही. मुकाट्याने खा.’ चिठ्ठी पुरी होण्याआधीच घाटात तुझे प्रेत सापडल्याची बातमी आली.

परवा मी धनुबाईच्या घरी गेले. तिने भाकर पुढे केली. दारात तू उभा होतास, टोपी काखेत, ओठ सुकलेले.

“ताई, तू रयतेचं खातेस?”

मी मान वर केली नाही. सगळी भाकर खाल्ली.

तुझी,
वत्सलाताई