बाराच्या सळईला पिवळा रंग

कळंबोली,
२८ ऑक्टोबर १९९६

ती. अक्का हीस,
कृष्णातचा सा. न. वि. वि.

थपडीला पैसा लागत नाही असं मी इतकी वर्षं समजत होतो. यंदा हिशेब केला. चुकीचा माल सीवूड्सच्या बिल्डिंगवर गेला आणि परत आला, त्याचं ट्रकभाडं आणि दोनदाची हमाली मिळून साडेनऊशे रुपये. ते त्याच संध्याकाळी विसरलो. थपडीचं बिल अजून चालूच आहे. आमच्या राजीनं हात आडवा घातला त्यात तिच्या दोन बांगड्या फुटल्या. जयमाला माझ्याशी बोलते ते फक्त डबा भरण्यापुरतं. आणि दुपारी शाळेतून थेट गाळ्यावर येऊन माझ्या बशीतला चहा पिणारी ही पोरगी आठ दिवस यार्डात फिरकलेली नाही. मी घरात शिरलो की ती आतल्या खोलीत जाते. एवढंच. रडत नाही, भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

झालं ते असं. आपल्या यार्डात सळयांच्या तोंडाला रंग असतो हे तू पाहिलंच आहेस. बारा एमएमला लाल, दहाला पिवळा. माल भरणारा गडी रंग बघून बंडल उचलतो, मोजत बसत नाही. खंडेनवमीला राजीनं उरलेला पिवळा डबा घेतला आणि दहाला, बाराला, सगळ्यालाच फासला. यार्ड झेंडूच्या शेतासारखं दिसत होतं, मी स्वतः कौतुक केलं. दसऱ्यानंतर पहिलीच गाडी भरली, टोळी नवी होती. बिल्डरनं बारा मागितली, निम्मी दहा गेली. त्याचा माणूस सगळ्यांदेखत मला नाही नाही ते बोलला. राजी तिथेच उभी होती. हात उठला.

जाफरभाई, ज्याची क्रेन आपल्या यार्डात असते तो पनवेलकडचा, त्यानं रात्री मला शहाणपण शिकवलं. म्हणाला, शेठ, वाकलेली सळई आपण सरळ करतो, पण गिऱ्हाइकाला ती नवी म्हणून विकता येते का? मी म्हणालो, बाबा रे, मला बघ. आमच्या वडलांचा, आबांचा, निरगुडीचा फोक हवेतून निघाला की सूं करून वाजायचा, आणि मग फट्. तो आवाज अजून कानात आहे. त्या फोकानं मी घडलो. चौथी पास होऊन या लोखंडबाजारात हमाल म्हणून आलो आणि आज पत्र्याआड उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगतो की पडली ती सळई दहाची का बाराची. आमच्या मधूदादाला तो फोक कमी पडला असावा, म्हणून तो अजून गावातच बैलाच्या शेपटाला धरून आहे.

राजी दिवाळीला तुझ्याकडे यायचं म्हणते. परवा मानसिंग ड्रायव्हर साताऱ्याला माल घेऊन निघतोय, जयमाला तिला तुझ्या दारात सोडून परत येईल. भाऊबीजेला मला यंदा जमत नाही, दिवाळीत माल उतरायचा आहे. पोरीला चार गोष्टी समजावून सांग.

लोभ आहेच, या वेळी तो चकलीच्या डब्यातून पाठवावा, म्हणजे मोजता येईल.

तुझा,
कृष्णात

* * *

आंबवडे,
१४ नोव्हेंबर १९९६

चि. कृष्णात यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, पोरगीही पोचली. तू भाऊबीजेला आला नाहीस. दिवाळीत लोखंड उतरतं हे मला नवीनच कळलं. मधू आला, राजी आल्यापासून येतो तसाच पाच मैल सायकल मारत. त्यालाच दोन वेळा ओवाळलं, एक तुझ्या नावानं. तो म्हणाला, ओवाळणी मात्र एकच घालीन, दुसरी कळंबोलीहून वसूल कर.

राजी इथे छान आहे. माझ्याबरोबर गोठ्यात येते, मधूच्या मागे मागे हिंडते. दोघांचं कसं जमलं कोण जाणे, दोघंही अर्धा अर्धा तास बोलत नाहीत. एकदा वारा आला आणि दाराची फळी फाडकन आपटली, तर मधू हातातलं ताट ठेवून उभाच राहिला. त्याची ती जुनी सवय तुला माहीत आहे. राजीनं जाऊन फळीला दगड लावला आणि परत जेवायला बसली.

आता खरी गोष्ट. तिनं मला विचारलं की इथल्या हायस्कुलात नाव घालशील का. कळंबोलीला परत जायचंच नाही म्हणते. मी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. शाळा बघू दे म्हणून तिला घेऊन गेले. सुट्टी होती, पण मास्तर ऑफिसात बसले होते. तिथे आपल्या वाडीचा एक बाप्या पोराला घेऊन आला होता. नेहमीसारखंच म्हणाला, गुरुजी, चामडी तुमची, हाडं आमची, पोरगं तुमच्या हवाली. मास्तर हसले. आपल्याकडे शाळेत घालताना सगळेच असं बोलतात, मीही बोलले आहे. पण राजीनं माझा पदर धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

रात्री मी तिला विचारलं, बाई गं, तू सगळं पिवळं का केलंस? ती म्हणाली, पप्पाच म्हणाले होते. खंडेनवमीला सकाळी तू खुशीत होतास, वजनकाट्याची पूजा झाली होती, आणि तू हात पसरून म्हणालास, सगळं रंगवून टाका रे, यार्ड नव्या नवरीसारखं दिसलं पाहिजे. गडी हसले आणि आपापल्या कामाला लागले. तिनं खरं मानलं. लाल डबा संपला होता म्हणून पिवळा घेतला.

तू एवढ्या तिखट कानाचा, लेका. स्वतःचं बोलणं कसं ऐकू आलं नाही? हात उचलायच्या आधी तिला एकदा तरी विचारलंस का, का केलंस म्हणून?

२५ तारखेला तुमच्याकडची शाळा उघडते असं ती सांगते. नाव इथे घालायचं का तिथेच ठेवायचं ते कळव. पतपेढीत फोन करू नकोस, तिथे एक वाक्य बोललं की गावाला दहा कळतात.

आशीर्वाद आहेतच, ते तुला न मागता मिळतात म्हणून तुला त्यांची किंमत नाही.

तुझी,
अक्का

* * *

कळंबोली,
१८ नोव्हेंबर १९९६

ती. अक्का हीस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. मग जाफरभाईला विचारलं की मी असं बोललो होतो का. तो म्हणाला, बोलला होतात, आणि शिवाय म्हणालात की जो रंगवणार नाही त्याला पेढा नाही. मी विचारलं, मग त्या दिवशी गप्प का बसलास? तो म्हणाला, शेठ, तेव्हा तुमचा हात गरम होता.

काल चार वाजता चहाला सगळे जमले, माथाडी, ड्रायव्हर, जाफर. मी सांगून टाकलं की रंग मारायला मीच सांगितलं होतं, पोरीची चूक नव्हती. मग एक म्हातारा माथाडी म्हणाला, मग त्या थपडीचं काय करायचं, मालक? माल तर परत आला. सगळे हसले. मी हसलो नाही. चहा तसाच राहिला.

अक्का, राजीचं नाव तिथे घालू नकोस. तिच्या आईनं दप्तर धुऊन वाळत घातलंय, ते रोज मला दोरीवर दिसतं. तिला सांग की यार्डात मी सगळ्यांसमोर बोललो. पण बापानं पोरीसमोर हात जोडावेत हे मला जमणार नाही, ते मागू नकोस. माझी चूक झाली ती कारणात झाली. मार म्हणजे काही विष नव्हे. हे पत्र तिला वाचून दाखव, आणि आबांचा तो फोक, सूं आणि फट्, तेही तिला सांग. तिच्या बापानं एका थपडीच्या शंभरपट खाल्लंय आणि त्याचंच आज भलं झालंय, हे तिला कळू दे. मग येईल.

तुझी ओवाळणी पोस्टानं पाठवतोय. माया कमी करू नये, वाढवली तर माझी तक्रार नाही.

तुझा,
कृष्णात

* * *

आंबवडे,
२३ नोव्हेंबर १९९६

चि. कृष्णात यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, मधूच्या हाती देते. उद्याच्या रविवारी तो राजीला घेऊन तुझ्या दारात येईल. होय, मधू. जन्मात साताऱ्यापलीकडे गेला नाही, पण राजीनं विचारलं, काका सोडायला येशील का, तर सदरा इस्त्रीला टाकून आला. त्याला स्टॅण्डवर उभा करून ठेवू नकोस, तुझ्याकडच्या हॉर्नांनी तो बिचकतो.

तुझं पत्र दोघांना बसवून वाचून दाखवलं. चहाच्या वेळची गोष्ट राजीनं दोनदा वाचायला लावली. म्हाताऱ्या माथाड्याचं नाव काय ते विचारलं. मग उठून पिशवी भरायला लागली. एवढंच पुरलं तिला. हात जोडणं वगैरे तूच काढलंस, तिनं मागितलं नव्हतं. तिचं म्हणणं एकच, बाराच्या बंडलांना तू हात लावू नकोस, लाल रंग ती स्वतः मारणार. लाल डबा आणून ठेव.

आणि मी तिला तुझ्या वतीनं शब्द दिला आहे की पप्पा आधी विचारतील, आणि हात उचलणार नाहीत. तुला न विचारता दिला. थोरल्या बहिणीचा शब्द आहे, खाली पाडू नकोस.

जयमालाला चकल्यांचा डबा दे, वाटेत निम्म्या मधूच खाईल हे धरून भरला आहे. तुझ्यावर जीव आहे म्हणून एवढं लिहिते, नाहीतर शाई महाग झाली आहे.

तुझी,
अक्का

ता. क. फोकाचं वाचत होते तेव्हा मधू शेंगा फोडत बसला होता. तो हसला आणि म्हणाला, अक्का, हे त्याला लिहू नकोस, त्यानं तेवढ्यावर गाळा उभा केलाय. त्याच्या नजरेस पडू नये म्हणून पाकीट डिंकानं चिकटवते आहे. पण राजीनं मला विचारलं की पप्पांना किती मार बसायचा, आणि पोरीशी मी खोटं बोलले नाही. फोक मधूच्या पाठीवर पडायचा. तू दाराआड उभा असायचास. तुला आबांनी कधी चापटसुद्धा मारली नाही.