पेन्शनचा बोर्ड

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सकाळी ७.१०
मैदानाच्या फाटकापाशी बुटाची नाडी बांधत होतो. नाडी सुटलेली नव्हती. शुक्रवारी आणि शनिवारी इथूनच परत गेलो. आज आतून प्रशिक्षक मॅडमनी हाक मारली, "कोणाला सोडायला आलात?" म्हटले, "कोणाला नाही. मलाच शिकायचे आहे." पोरे हसली. सगळी शाळा-कॉलेजातली.
मॅडमनी वय विचारले. चोवीस. "उशीर केला," म्हणाल्या. मग हातात सायकलच्या ट्यूबची पट्टी दिली. धनुष्य इतक्यात नाही. आठवडाभर ही पट्टी ताणायची, हनुवटीशी आणून थांबायचे, सोडायचे.
धनुर्विद्याच का, हे त्यांनी विचारले नाही, बरे झाले. राजापेठेत खोली, राजापेठेतच फ्लेक्सचे दुकान. दिवसभर मशीन चालते. गिऱ्हाइकाशी बोलणे तेवढेच: साईज, फोटो, कधी पाहिजे. डिसेंबरात एकदा सकाळी या मैदानावरून गेलो. माणसे एका ओळीत उभी, सगळी एकाच दिशेला पाहणारी. कोणी कोणाकडे बघत नव्हते. वाटले, अशा ओळीत मलाही उभे राहता येईल.

गुरुवार, ९ जाने.
खोलीत पट्टी ताणत होतो, दार उघडे राहिले. घरमालकीण काकू: "काय करून राहिले बाप्पा? कोनाले मारता?" म्हटले व्यायाम आहे. "आवाज नका येऊ देऊ." पट्टीचा आवाज येतच नाही. तरी त्यानंतर हळू ताणली.

मंगळवार, १४ जाने.
बांबूचे धनुष्य मिळाले. पहिल्याच बाणाला दोरी डाव्या हातावर बसली. कोपराखाली निळे. मॅडम: "कोपर बाहेर फिरवा, नाहीतर रोज खाल."
दुकानात शेठ: "कोनाशी भांडला बे?" म्हटले, दार लागले. "चाला, दाराशी तरी भांडला." मशीनवरचे दोघे दिवसभर दाराला सलाम करत होते.
आईचा अकोल्याहून फोन. संक्रांतीला का आलो नाही. काम आहे सांगितले. बाणाबद्दल काही बोललो नाही. आधी एखादा नीट लागू दे.

शनिवार, १८ जाने.
अजून एक मोठा माणूस आला. भास्करकाका, एसटीतले रिटायर कंडक्टर, साठीचे. मॅडमना म्हणाले, "माया घरी अकरा मानसं अन् दोन टीव्ही. अठी कोनी बोलत नाही म्हनून आलो." मग तासभर तेच बोलत होते.
मॅडमनी आम्हा दोघांना शेवटच्या बोर्डावर टाकले, बाभळीजवळ. बोर्ड म्हणजे गवताच्या दोऱ्या गुंडाळून केलेली जाड पाटी, तिच्यावर रंगीत कागद. पोरांनी लगेच नाव ठेवले: पेन्शनचा बोर्ड. भा.का. म्हणाले, "माही पेन्शन तं चालू हाय. या पोट्ट्याची पाहा बाप्पा काही."
नियम लिहून ठेवतो. दोन शिट्ट्या: ओळीवर या. एक: मारा. तीन: बाण आणायला जा. आणि मॅडमचा खास: आपला बाण आपण सांगायचा नाही. जोडीदार आकडा सांगेल, आपण लिहायचा. आकडे होईपर्यंत बाणाला हात लावायचा नाही. बाण रेषेला चिकटला असेल तर वरचा आकडा.

मंगळवार, २८ जाने.
भा.का. माझे आकडे तिकीट फाडल्यासारखे सांगतात. "सात. पाच. पाच. एक खाली उतरला, इनातिकीट." बोर्ड चुकलेला बाण म्हणजे विनातिकीट.
त्यांनी गाव विचारले. अकोला, जुने शहर. "म्हंजे मोर्ना नदीच्या त्या आंगचा. घरी काय करतेत?" आईवडील हार विकतात. "अन् तू अठी एकटा?" हो. "जेवतं कुठी?" डबा लावला आहे. "तरीच बाण खाली पडते."
नंतर टपरीवर आलुबोंडा खाऊ घातला. डिसेंबरपासून कोणाबरोबर बसून खाल्ले नव्हते. हे मी त्यांना सांगितले नाही. दोन खाल्ले.

सोमवार, ३ फेब्रु.
भा.का. लग्नाला गेले, परतवाड्याला. एकटाच मारत होतो. बाण बरे जात होते, दोन तर मधल्या पिवळ्यात. बोर्डापाशी गेलो आणि उभा राहिलो. आकडा सांगायला कोणी नाही. मॅडम लांब होत्या. तसेच उपटले, लिहिले नाही.

मंगळवार, ११ फेब्रु.
अकोल्याला खुली स्पर्धा, रविवार २३. तीस मीटर. मॅडमनी आमची दोघांची नावे दिली. मी नको म्हणत होतो. भा.का. म्हणाले, "तूच नाही तं माये बाण कोन सांगन?"
त्यांच्या घरी हसतात. मुलगा म्हणतो, या वयात बाण की हाड, काय मोडते पाहू. काकांनी सगळ्यांसमोर सांगून टाकले, काहीतरी घेऊनच येतो. "आता निल्या, रिकाम्या हातानं घरी जानं नाही." हसत मला म्हणाले. पण मग दोरी ओढताना हसत नव्हते.

बुधवार, १९ फेब्रु.
शिवजयंतीचे बॅनर. तीन दिवस दुकानातच. प्रत्येक बॅनरवरची नावे दोनदा तपासली, एकाचे आडनाव चुकले तर भांडण होते. मैदान बुडले. भा.का.चा फोन: "येतं का नाही? बोर्ड रिकामा दिसते." आईला फोन केला. रविवारी दुपारी घरी जेवायला येतो, बरोबर एक काका असतील. आई म्हणाली, "तुह्यासंगं कोनी येऊन राहिलं? पातोडी करू का?"

रविवार, २३ फेब्रु. अकोला, घरी. दुपारी ४
क्रमाने लिहितो.
पहाटेच्या बसने दोघे आलो. भा.का. वाटेत झोपले नाहीत. मूर्तिजापूरला चहा. मैदानावर तिथेही तोच नियम, जोडीदाराने आकडे सांगायचे. आम्ही एकाच बोर्डावर. मी नेहमीसारखा वाईट. ते मात्र आज वेगळेच. घाई नाही, बडबड नाही. अर्ध्यावर तिसरे होते.
शेवटच्या फेरीत त्यांचा एक बाण पिवळ्या आणि लालच्या मधल्या रेषेवर. रेषेला लागला तर नऊ, नाही तर आठ. मी वाकून पाहिले. पेन्सिल हातात होती. तिचे टोक बाणाला लागले. बाण हलला, किंचित. त्यानंतर बाण आणि रेषेत फट दिसत होती. आधी होती का, आठवेना. तोंडून गेले, आठ.
भा.का.: "नऊ हाय ना बे. चिकटला, पाह्य ना."
पंच आले. मला विचारले, "बाणाला कोणाचा हात लागला?" म्हटले, "लागला. माझी पेन्सिल." पंच म्हणाले, मग आता मला निवाडा करता येत नाही. सांगितला तोच आकडा.
भा.का. एका गुणाने चौथे. बक्षीस तिसऱ्यापर्यंत.
त्यांनी धनुष्याची दोरी उतरवली, बाण पिशवीत भरले. मी म्हटले, काका, घरी आई वाट पाहत आहे. ते म्हणाले, "मी बसस्टँडवर जातो. तू जाय."
पूल ओलांडून एकटाच घरी आलो. दोन ताटे मांडलेली होती. बाबा धुतलेला शर्ट घालून बसले होते. आई: "ते येनार होते ना?" म्हटले, त्यांना काम निघाले. आईने दुसरे ताट उचलले नाही, बाबांना त्यातच वाढले. पातोडी चांगली झाली होती. तसे म्हटलेही.

मंगळवार, २५ फेब्रु.
भा.का. आले नाहीत. काल पण नाही. आठवीतला एक पोरगा: "पेन्शन अर्धी झाली का हो दादा?"
पंचांना नाही म्हणायला हवे होते का. पेन्सिल कोणी पाहिली नव्हती. पंचांनी वाकून पाहिले असते, फट दिसली असती, आठच दिला असता. पण मग तो आकडा पंचांचा असता. किंवा चिकटलेला दिसला असता. आणि मला कसे कळणार की मी वाकण्याआधी…

गुरुवार, २७ फेब्रु.
आले. मला वाटले बाभळीकडे येतील. दुसऱ्या बोर्डावर कॉलेजच्या मुलांमध्ये उभे राहिले. मॅडमनी पाहिले. मधे चार बोर्ड. ओळीत उभे राहिले की सगळे एकाच दिशेला बघतात, कोणी कोणाकडे बघत नाही.

मंगळवार, ४ मार्च
बाण आणायला सगळे एकदमच चालत जातात. भा.का. मुलांशी बोलत पुढे होते, मला ऐकू येईल असे. "माहा पहिला जोडीदार लय इमानदार. समद्याइले खरं सांगते. फक्त मले सोडून."
मुले हसली. मी माझे बाण उपटले. एक वाकला.
मग मॅडमना विचारले, मी चुकलो का. त्या धनुष्यांच्या दोऱ्या उतरवत होत्या. "पेन्सिल लागली होती ना?" हो. "मग सांगितलेत ते बरोबर." मी निघालो तर मागून म्हणाल्या, "आधी पंचांना सांगितलेत की भास्कररावांना?"
पंचांना. पंच येईपर्यंत मी भा.का.च्या शेजारीच उभा होतो. ते म्हणत होते, पाह्य ना, पाह्य ना. मी बोर्डाकडे पाहत होतो. पेन्सिलीबद्दल त्यांना एक शब्द बोललो नाही. भीती वाटली, ओरडतील. त्यांनी ते सगळ्यांबरोबर ऐकले, पंचांना सांगताना.
आठ आणि नऊचे नाहीच हे.

शनिवार, ८ मार्च
साईनगरला त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचे ते पाठ करून. काका, पेन्सिल लागली तेव्हाच तुम्हाला सांगायला हवे होते. एवढेच. फाटकाबाहेरूनच दोन्ही टीव्ही ऐकू येत होते. सून ओट्यावर ज्वारी निवडत होती. "कोन पायजे?" म्हटले, भास्करकाका आहेत का. "हायेत. लेटले. उठवू का? नाव काय सांगू?"
नाव सांगितले असते तर त्या आत गेल्या असत्या, आणि आतून काय उत्तर आले असते ते मला फाटकात उभे राहून ऐकावे लागले असते. म्हटले, नको, झोपू द्या. "येऊन गेले म्हनून तं सांगू?"
मान हलवली. ती हो होती की नाही, त्यांनाही कळले नसेल.

मंगळवार, ११ मार्च
आता सातलाच ऊन जाणवते. पेन्शनच्या बोर्डावर मी एकटा. मॅडमनी कोणाला पाठवले नाही, मीही मागितले नाही.
पहिल्या शिट्टीआधी दोरी चढवत होतो. मागे कोणीतरी उभे राहिले. भा.का.च. त्यांनी धनुष्य माझ्या हातातून घेतले, दोरीवर नख फिरवले. "सुकली. केसं निंगाले पाह्य दोरीचे. तुटन कोन्या दिवशी, तोंडावर बसन." खिशातून मेणाची कांडी काढली, अर्धी वापरलेली. माझ्या हातावर ठेवली. "बोटानं घास. गरम होऊ दे."
म्हटले, "काका, ती पेन्सिल लागली तेव्हाच तुम्हाला…"
दोन शिट्ट्या झाल्या. शिट्टीनंतर ओळीवर बोलायचे नसते. ते म्हणाले, "आंधी मार," आणि गेले, दुसऱ्या बोर्डाकडेच.
सून काही बोलली का घरी, ते कळले नाही.
मेण घासले. दोरी खरेच गरम होते. सहा बाण मारले. तीन शिट्ट्यांनंतर बोर्डापाशी जाऊन उभा राहिलो, हात मागे. लगेच उपटले नाहीत. दुसऱ्या बोर्डावर मुले भा.का.चे आकडे सांगत होती, ते लिहीत होते. एकदा त्यांनी इकडे पाहिले. बाभळीकडे पाहिले असेल. मी सगळ्यांचे होईपर्यंत थांबलो, मग उपटले.
निघताना टपरीवर ते नव्हते. मेणाची कांडी माझ्याच खिशात राहिली.

आजचा खर्च: चहा १० रु., आलुबोंडा १ नग १५ रु.
देणे: भा.का., मेणाची कांडी, अर्धी. किंमत विचारली नाही.