गालातली खजुराची बी

मेडशी,
२७ फेब्रुवारी २०२४

प्रिय धाकटे बंधू धम्मरत्न यास,
पुंजाजीचा सप्रेम जय भीम.

आम्ही सर्व बरे आहोत. तूर घरात आली. फोन न करता कागदावर लिहितो आहे, कारण फोनवर बोललं की आई खाटेवरून शब्दन् शब्द ऐकते आणि विषय तिचाच आहे. पल्लवी या पत्राचा फोटो काढून तुला पाठवेल. ही पोरगी म्हणते, बाबा, एवढं लिहिता कायले, आवाज पाठवा. माझा आवाज एसटी स्टँडपर्यंत जातो, हे ती विसरते.

शनिवारी माघ पौर्णिमेला आईला चक्कर आली. करोनाच्या वर्षी तू मस्कतला अडकलास, तेव्हापासून ती दर पौर्णिमेला अष्टशील धरते. दुपारी बारानंतर अन्नाचा कण नाही. वाशीमच्या डॉक्टरांनी तपासलं, तर साखर भलतीच वाढलेली. उपाशी माणसाची साखर एवढी वाढते कशी, हे त्यांनाही उमगेना. उपास बंद करा, नाहीतर पुढच्या वेळी चकरेवर भागणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आई म्हणते, धम्मरत्न तिकडं पाळते तवर मी नाही सोडत. तेव्हा आधी तू सोड आणि तिला तसं स्वतः कळव.

तुझ्या दाढेचीही ती दर पौर्णिमेला काळजी करते. चार वर्षं एक दाढ दुखते म्हणजे काय? उपटून टाक. तुझा खोलीतला सोबती मुनाफ सुट्टी संपवून निघाला, तेव्हा वाशीमला जाऊन आईने दिलेली लवंगांची पुडी त्याच्याजवळ दिली आहे.

लोभ आहे तसाच राहू दे आणि वेळेवर जेव.

तुझा,
पुंजाजी


मस्कत,
३ मार्च २०२४

ती. आईस,
धम्मरत्नचे सादर वंदन. नमो बुद्धाय.

पल्लवी, दादा शेतात गेल्यावर आजीला हे वाचून दाखव.

आई, मी उपास सोडला असं तुला कळवावं, हे दादाने लिहिलं आहे. पण सोडायला आधी तो धरलेला असावा लागतो.

करोनाच्या वर्षीची वैशाख पौर्णिमा आठव. काम बंद, एका खोलीत आम्ही सहा जण, जिन्यात उभं राहायचीही चोरी. खालच्या मजल्यावरचा एक माणूस गेला, तर त्याला आम्ही खिडकीतूनच हात जोडले. तुझ्यासोबत शील पाळायचं ठरवलं, तेव्हा मनाला खरोखर आधार वाटला होता. तू फोन करून सांगितलंस, बारा वाजले, ताट उचल. इथे तेव्हा साडेदहाच वाजले होते. घड्याळ दीड तास मागे आहे, हे तुला सांगणं बरं वाटेना. मी मेडशीच्या बाराला मस्कतमध्ये ताट उचललं.

मुनाफचे रोजे चालू होते. तो म्हणाला, मी दिवसभर उपाशी अन् तू रातभर, आपला दोघांचा मिळून एक पक्का उपाशी माणूस होते. सांजेची अजान झाली. त्याने सवयीने खजुरांची वाटी सगळ्यांपुढे फिरवली आणि माझ्या हाताने एक उचलला. तेवढ्यात वंदनेसाठी तुझा व्हिडिओ कॉल आला. बी टाकायला वेळ नव्हता, ती गालात दाबली. खोटं न बोलण्याचं चौथं शील मी गालात बी ठेवून म्हटलं. गाल कशाने सुजला, असं तू विचारलंस. मी म्हटलं, दाढ.

त्यानंतर एकही पौर्णिमा मी उपाशी काढली नाही. तुझा फोन यायचा तेव्हा काही ना काही तोंडात असायचंच. आता तुझी चक्कर माझ्या एका खजुरापायी, हे मनातून जात नाही. आई, जेव. रागवायचं तर जेवून रागव.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
धम्मरत्न


मेडशी,
१० मार्च २०२४

प्रिय धम्मरत्न,
केशरबाईचा आशीर्वाद आन जय भीम. मी बोलते तसंच पल्लवी लिहून राह्यली.

बाबू, मले दुसऱ्याच पौर्णिमेले समजलं होतं. वैशाखात तुहा डावा गाल सुजला, जेठात उजवा. दाढ काय घर बदलते? मंग मी दर खेपेले इचारे, म्हटलं पाहू हा कवा खरं बोलते. चार वर्सं लागले. लवंगा त्याच्यापायीच धाडत होती.

आता माह्यं ऐक, पुंजाजीले सांगू नको. साखर उपासानं नाही वाढली, गुळानं वाढली. पहिलं वरीस मी खरं पाळलं. तू येशीन का नाही, कोणालेच माहीत नोतं, घास उतरतच नोता. मंग तू घरी येऊन गेला, तुले डोळ्यानं पाहलं आन भूक वापस आली. तुरीच्या पोत्यामागं गुळाचा डबा ठेवला. दिवा न लावता खाल्लं की किती खाल्लं ते समजत नाही.

तू म्हनशीन, मंग बंद काहून नाही केलं. एरवी तू फोनात नुसते फुलं धाडतं. पौर्णिमेले तेवढा तुहा चेहरा दिसे आन आपुन संगं वंदना म्हनो. उपास सोडला त थेही जाईन, असं वाटे.

डाक्तरचं मी ऐकलं. दोन टाइम जेवते, डबा पल्लवीच्या हवाली केला. माया हाये तशीच हाये, तिले काही धाड भरत नाही. पौर्णिमेले फोन मात्र करत जा. घास तोंडात असला तरी चालते, फक्त चौथं शील म्हनाच्या आंधी गिळून घेजो. मीही गिळून घेईन.

तुही माय,
केशरबाई