ठमाबाईंचं फोनवरचं दुकान

रविवार, ४ मे

तब्येती विचारल्याशिवाय माझा वर्ग सुरू होत नाही. आजही एकेकाला विचारलं, फ्रेंचमध्ये. शिंपीदादांचा गुडघा? — अजून कुरकुरतोय. नर्सबाईंची सासू? — ठणठणीत, "काय करणार!" पोस्टमनचा खोकला? अबोल म्हणून पोस्टमनला आम्ही गुपचूप म्हणतो. त्याने खोकूनच उत्तर दिलं! नुसतं 'बरं आहे' माझ्याकडे चालत नाही. खरं असेल ते सांगायचं. शब्द नसेल तर हातवारे करा. पाठांतराने भाषा गळ्याखाली उतरत नाही, अडलं की उतरते. मी तशीच शिकले — फ्रान्समधल्या नातीशी बोलायचं होतं म्हणून.

मग तिलाच फोन. पलीकडे ठमाबाई, वय वर्षं सात, दुकानदारीण. आम्ही गिऱ्हाइकं. शिंपीदादांनी छत्री मागितली, तर दरडावलं — "रंग कुठला? पटकन बोला, रांग लागलीय!" हसता हसता पुरेवाट झाली.

लेक गेल्यापासून मी हसते ती एवढीच.

रविवार, ११ मे

तिकडे कुणी फोन उचलला नाही.

सोमवार, १२ मे

जावयाचा फोन. बिचारा स्वतःच्या फ्रेंचमध्येही शब्द शोधत होता आणि मला शब्दन्‌शब्द कळत होता. "आई, तुमचा आवाज हुबेहूब तिच्यासारखा आहे. फोन ठेवला की घरात रडणं सुरू होतं. काही दिवस नको."

बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझ्या लेकीचा आवाज माझ्या गळ्यात उरलाय — तोही गिळून बसायचं!

शुक्रवार, १६ मे

वर्गाची पिशवी उपसली. शब्द शिकवायला ठेवलेल्या चाव्या, बरण्या, किटली. चित्रांचे पत्ते लेकीने रंगवलेले. किटली निळी केलीय! खरी काळीकुट्ट. केवढी भांडले होते तेव्हा. आज निळीच बरोबर वाटली.

रविवार, १८ मे

वर्ग बंद करते म्हटलं. नर्सबाई उसळल्या — "पोरीचं दुकान का बुडवता? बोलू आम्ही. तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसा!" जावयाला त्यांनीच विचारलं, चुकतमाकत. तो हो म्हणाला.

रविवार, २५ मे

तोंडावर रुमाल दाबून कोपऱ्यात बसले. गुपचूपने चक्क घासाघीस केली! किटली निम्म्यात मागितली. ठमाबाई कडाडली, "खिशाला भोक पडलंय का?" मी रुमाल चावला.

शेवटी तब्येती तिनेच विचारल्या. गुडघा? सासू? खोकला? आणि मग हळूच —

"आणि आजी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगायचा नियम माझाच ना! शिंपीदादांना शब्द सुचेना, त्यांनी छातीवरून हात फिरवून दाखवला — फोनवर! मग कसंबसं म्हणाले, "आजी इथे. आजी गप्प."

त्यावर ती बोलली ते लिहिण्याआधी उठले. चहा पिऊन आले.

तोच दिवस, संध्याकाळ

म्हणाली, "मी नाही रडत. बाबा रडतात, दार लावून. आजी, त्यांना फोन कर ना — लवकर."