आपण यावे

१ सप्टेंबर

अवधूत जेवणावरून उठून गेला. अर्धी पुरणपोळी ताटात टाकून. माझ्या घरी, गौरीच्या जेवणाला, त्याच्याच लेकीजावयासमोर!

मी म्हटलं एवढंच की, त्याच्या लाडक्या पक्षाला मतं देऊन देऊन सोलापूरकर अजून पिंपंच भरतोय. नळ कधी येईल ते देवाला ठाऊक. तर म्हणे, "अक्का, तुला चांगलं काही दिसतच नाही. रस्ते बघ की." मी म्हटलं, मला खिडकीतून दिसतं, तुला फोनमधून. मग घसरला माझ्या पक्षावर. घराणी, घोटाळे — सगळं तोंडपाठ. मला राहवलं नाही.

"डोकं भाड्यानं दिलंयस तू. भाडं तरी वेळेवर येतं का?"

ओजस हसला. सासऱ्याला असं कोणी बोललं की जावई हसणारच. तो हसला नसता तर निभावलं असतं बहुतेक. अवधूत उठला, हातसुद्धा धुतला नाही. "माझं भाड्याचं, तुझं कॉन्व्हेंटचं. बस त्यालाच घेऊन."

अक्कलकोटच्या बसनं गेला. मागून त्याची बायको विजयमाला, बिचारी, पिशवी सावरत.

२ सप्टेंबर

माझं काही चुकलेलं नाही.

११ सप्टेंबर

फोन नाही. रोज सकाळी पेपर हातात पडला की त्याचा फोन यायचा — "वाचलंस का?" की झालं सुरू. माझा चहा गार, त्याची पूजा खोळंबलेली, आणि विजयमाला मागून ओरडतेय. हे गेल्यापासून तो एक फोनच काय तो माझा दिवस सुरू करायचा. अजिंक्य कॅनडाहून रविवारी बोलतो. बीपीची गोळी घेतलीस का, एवढं विचारतो नि ठेवतो. मुलगा आहे की दवाखाना!

आज मीच लावला. त्यानं कापला.

२० सप्टेंबर

आरोहीचा फोन. अवधूतची लेक असली तरी ही पोरगी माझ्या वळणावर गेलीय. पुण्यात कंपन्यांमधून लोकांना आपसात बोलायला शिकवते, आणि त्याचे पैसेही मिळतात. म्हणाली, आत्या, बाबा खंगलेत. तू आधी नीट बोलायला शीक.

मी! ज्या मुलीनं वादविवादात शाळेला ढाल आणून दिली तिनं!

"तेच तर," म्हणाली. "तुला जिंकायला शिकवलंय. समोरचा बोलत असताना तू उत्तर घडवत बसतेस. आधी ऐक. त्याचं म्हणणं त्यालाच परत सांग, बरोबर का विचार. टोमणा नाही. आदरानं बोल."

शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टा हे ऐकून खुर्चीवरून पडल्या असत्या.

५ ऑक्टोबर

सराव केला. शेजारच्या चन्नवीरवर. एसटीत कंडक्टर होते, आता दिवसभर फाटकाशी उभे राहून अवधूतच्याच पक्षाचे गोडवे गातात. एरवी मी दार लावून घेते. आज चहाला बोलावलं आणि विचारलं, तुम्हाला ही माणसं का पटतात? ते दचकलेच. "भांडायचं न्हाय ना बाई?" मी म्हटलं, नाही, ऐकायचंय.

मी जीभ दाताखाली धरून बसले. मोहोळजवळच्या त्यांच्या गावी पूर्वी पावसाळ्यात गाडी जात नसे. वडिलांना खाटेवर घालून चिखलातून नेलं, हमरस्ता यायच्या आतच ते गेले. मग रस्ता झाला. परवा आईला त्याच रस्त्यानं दवाखान्यात नेलं, ती वाचली. "मत कुनाला देऊ मंग, तुमीच सांगा की."

उत्तर होतं माझ्याकडे. रस्त्याला पैसे कुणी मंजूर केले, कुठल्या साली — सगळं. बोलले नाही. वडील चिखलात गेले म्हणणाऱ्याला सालं काय सांगायची?

जाताना म्हणाले, "तुमी लई चांगल्या बोलता बाई." मी काही बोललेच नव्हते.

अवधूतला असं कधी विचारलंय मी? तुला का पटतं म्हणून?

१६ ऑक्टोबर

भाऊबीज आठवड्यावर आली. फोन उचलत नाही, म्हणून मेसेज लिहायला बसले. पहिल्या मजकुरात टोमणा निघाला. दुसऱ्यातही. सवय! शेवटी शब्दन् शब्द धुऊन घेतला. बँकेत साहेबाला लिहितानाही इतकी जपून लिहीत नव्हते.

"प्रिय अवधूत, मतभेद असले तरी आपल्या मतांचा मला आदर आहे. भाऊबीजेला आपण सहकुटुंब यावे. आपले म्हणणे मी पूर्ण ऐकून घेईन."

वाचून बरं वाटलं. कुठेही काटा नाही.

१७ ऑक्टोबर

त्याचं उत्तर — "धन्यवाद. कळवतो."

धन्यवाद? मी काय गॅस एजन्सी आहे?

२३ ऑक्टोबर

पाट मांडला, रांगोळी काढली. त्याला आवडतात म्हणून शेंगाच्या पोळ्या. दुपार गेली. तिन्हीसांजेला गच्चीत वाळलेले कपडे काढायला गेले तर पश्चिमेला कोर दिसत होती, नखाएवढी. शेजारची येडूबाई तबक घेऊन उभी. तिला भाऊ नाही, ती दरवर्षी चंद्राला ओवाळते. मला म्हणाली, "तुमी पन ओवाळा की हितंच."

मी म्हटलं, मला भाऊ आहे.

२४ ऑक्टोबर

विजयमालाचा फोन, दबक्या आवाजात. अवधूत अंघोळीला गेला होता.

"वन्सं, असं का लिहिलंत हो तुम्ही?"

मी म्हटलं, काय वाईट लिहिलं? इतकं आदरानं लिहिलं.

तिनं सांगितलं. मेसेज आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला इस्त्रीसुद्धा झालेली होती. बोलावणं आलं नसतं तरी येणार होता. वाचला, आणि फोन तिच्याकडे दिला. "बघ. अक्कानं मला 'आपण' लिहिलंय." गाढवा, ये मुकाट्यानं, असं लिहिलं असतं तर धावत गेलो असतो म्हणाला. "लहानपणापासून तिनं मला शिव्या घातल्या. परक्यासारखं कधी बोलली नव्हती."

मी सगळे काटे काढले. त्यातच मी होते.

२६ ऑक्टोबर

आज त्यानं फोन उचलला. गाढव म्हटलं. ये म्हटलं. पाण्यावरूनही डिवचलं, मुद्दाम. मध्ये एकदाही तोडलं नाही त्यानं. सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "तुमचंही बरोबर आहे."